घरच्या टीव्ही-स्टिकसाठी एचडी फाइल कन्व्हर्ट करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाशिमपासून गडचिरोलीपर्यंत प्रश्न थोड्याफार फरकाने तेच येतात. फाइल चालत नाही, आवाज येत नाही, पेनड्राइव्ह घेत नाही, मधेच अटकते. ते इथे एका जागी लावले आहेत. उत्तरांत विंडोजचा साधा लॅपटॉप, हँडब्रेक हा फुकट प्रोग्राम आणि टीव्हीला एचडीएमआयमधून लावलेली स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स धरला आहे. घाई असेल तर आधी प्रश्न ३ वाचा. बऱ्याच जणांचं काम तिथेच भागतं.

१. रिप म्हणजे काय? लॅपटॉपवर मस्त चालणारी फाइल टीव्हीवर का चालत नाही?

डिस्कवरचा सिनेमा फाइल करून हार्ड डिस्कवर उतरवला की त्याला रिप म्हणतात. ब्लू-रेची एकथरी डिस्क २५ जीबीची, दुथरी ५० जीबीची. तिच्यातलं चित्र सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतं, म्हणून फाइल एवढी अवाढव्य होते.

नावाच्या शेवटी एमकेव्ही किंवा एमपी४ असतं, तो नुसता डबा. आत चित्र, आवाज आणि सबटायटल वेगवेगळ्या कप्प्यांत असतात आणि प्रत्येकाचा कोडेक, म्हणजे दाबून बांधायची पद्धत, वेगळा. लॅपटॉपवरचा व्हीएलसी प्लेअर यातलं जवळपास सगळं सॉफ्टवेअरच्या जोरावर उलगडतो. स्टिकमध्ये चित्र उलगडायला ठरावीक चिप असते. तिला जो कोडेक येत नाही तो येत नाही, आणि अपडेट टाकूनही येणार नाही.

२. फाइलच्या आत काय आहे ते कसं पाहायचं?

मीडियाइन्फो हा फुकट प्रोग्राम टाका आणि फाइल त्यावर ओढून सोडा. व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबलं तरी बरीच माहिती दिसते. चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: चित्राचा कोडेक आणि बिट डेप्थ (८-बिट की १०-बिट), रेझोल्यूशन व फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं), आवाजाचा कोडेक, आणि एकूण बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट). तिथे एव्हीसी लिहिलेलं असेल तर ते एच.२६४ आणि एचईव्हीसी म्हणजे एच.२६५. ‘स्कॅन टाइप’समोर इंटरलेस्ड दिसलं तर प्रश्न १० पाहा.

३. प्रत्येक फाइल कन्व्हर्ट करावीच लागते का?

नाही. कन्व्हर्ट करणं हे शेवटचं औषध. चित्र पुन्हा बांधलं की दर वेळी थोडं बिघडतं, शिवाय रात्रभर लॅपटॉप तापतो. आधी लक्षण पाहा.

चित्र आहे, आवाज नाही: फक्त आवाज बदला, प्रश्न ४. आवाज आहे, पडदा काळा: चित्राचा कोडेक स्टिकला येत नाही, प्रश्न ५ आणि ७. दोन्ही ठीक पण दर दोन मिनिटांनी चक्री फिरते: दोष बहुधा वायफायचा, प्रश्न ९. फाइल यादीत दिसतच नाही: डबा किंवा पेनड्राइव्हचा फॉरमॅट, प्रश्न ६.

आणि सगळ्यांच्या आधी स्टिकवर व्हीएलसी किंवा कोडी हे प्लेअर टाकून तीच फाइल लावून पाहा. टीव्हीचा स्वतःचा प्लेअर बहुतेक वेळा सगळ्यांत हट्टी असतो.

४. चित्र दिसते, पण आवाजच येऊन नाही रायला. काहून?

आवाज डीटीएस या कोडेकमध्ये असणार. ब्लू-रेच्या रिपमध्ये तो सर्रास असतो, आणि बऱ्याच टीव्हींना व स्टिकना तो वाजवता येत नाही.

यासाठी हँडब्रेक लावू नका. तो चित्र कधीच जसंच्या तसं ठेवत नाही, पुन्हा बांधतोच. त्यापेक्षा अव्हिडेमक्स हा प्रोग्राम घ्या. फाइल उघडा, डावीकडे ‘व्हिडिओ आउटपुट’ला ‘कॉपी’ राहू द्या. ‘ऑडिओ आउटपुट’ला एसी३ निवडा आणि कॉन्फिगरमध्ये बिटरेट ४४८ ठेवा. टीव्हीचे नुसते दोन स्पीकर असतील तर एएसी १६० घ्या आणि खालच्या फिल्टर्समध्ये मिक्सर ‘स्टिरिओ’वर करा. ‘आउटपुट फॉरमॅट’ला एमकेव्ही मक्सर निवडून सेव्ह करा. चित्राला हात लागत नाही, त्यामुळे तासन्‌तासांचं काम काही मिनिटांवर येतं.

५. हँडब्रेकमध्ये नेमकं काय काय निवडायचं?

फाइल उघडा आणि प्रिसेटमध्ये (तयार सेटिंगच्या यादीत) ‘फास्ट १०८०पी३०’ घ्या. ‘समरी’त फॉरमॅट एमपी४. ‘व्हिडिओ’ टॅबवर एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४), फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१. क्वालिटीची पट्टी आरएफ २१ वर आणा. हा आकडा उलटा चालतो: कमी आरएफ म्हणजे चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १०८०पीसाठी २० ते २४, ७२०पीसाठी १९ ते २३ आणि डीव्हीडीसाठी १८ ते २२ ही वापरातली चौकट आहे. ‘ऑडिओ’त एएसी स्टिरिओ १६०. ज्यांच्याकडे साउंडबार आहे त्यांनी त्याखाली एसी३चा दुसरा ट्रॅक जोडावा.

आता अख्खा सिनेमा लावू नका. वर ‘रेंज’मध्ये ‘सेकंड्स’ निवडून ६०० ते ६६० लिहा, म्हणजे दहाव्या मिनिटानंतरचा फक्त एक मिनिट कन्व्हर्ट होईल. आरएफ २०, २२, २४ असे तीन तुकडे करा आणि टीव्हीवर पाहा, लॅपटॉपवर नाही. अंधारातला प्रसंग निवडा. भिंतीवर पायऱ्यांसारखे चट्टे दिसू लागले की त्याच्या आधीचा आकडा आपला.

टीव्ही ३२ इंची ‘एचडी रेडी’ असेल तर त्याचा पडदाच १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो. गावात असे टीव्ही पुष्कळ आहेत. त्यावर १०८०पी पाठवून काही जास्त दिसत नाही. ‘फास्ट ७२०पी३०’ घ्या. ठिपके निम्म्याहून कमी, त्या मानाने वेळ आणि जागाही वाचते.

६. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, फाइल ६ जीबीची, तरी ‘फाइल टू लार्ज’ म्हणते. असं कसं?

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, पेनड्राइव्ह कितीही मोकळा असो. स्टिक किंवा टीव्हीला एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचता येत असेल तर त्यात फॉरमॅट करा. फॉरमॅट केला की आतलं सगळं जातं, आधी कॉपी काढा.

वाचता येत नसेल तर फाइल मापात बसवा. हिशोब सोपा आहे: बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे ९,००० सेकंद. चित्र आणि आवाज मिळून ३.५ मेगाबिट धरले तर ३१,५०० मेगाबिट, म्हणजे सुमारे ३.९ जीबी. बसतो. ५ मेगाबिट धरले तर ५.६ जीबी, बसत नाही. अशा वेळी आरएफ सोडून ‘ॲव्हरेज बिटरेट’ निवडा, चित्राला ३,३०० लिहा आणि ‘मल्टि-पास’वर टिक करा (जुन्या आवृत्तीत ‘टू-पास’). वेळ वाढतो, पण माप चुकत नाही.

७. एच.२६५ ने फाइल निम्मी होते म्हणतात. मग सगळं त्यातच का करू नये?

निम्मी नेहमीच होत नाही. त्याच दर्जाला निम्म्या ते दोन तृतीयांश जागा लागते असं समजा. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिल्या पिढीच्या स्टिक आणि जुने टीव्ही एच.२६५ घेत नाहीत. शिवाय जुन्या लॅपटॉपवर तो बांधायला एच.२६४ च्या कितीतरी पट वेळ लागतो. एकाच घरात एक स्टिक आणि आजोबांच्या खोलीत जुना टीव्ही असेल तर एच.२६४ वरच राहा.

एक खाच लक्षात ठेवा: १०-बिट एच.२६५ बऱ्याच नव्या स्टिक घेतात, पण १०-बिट एच.२६४ जवळजवळ कोणतीच चिप घेत नाही. मीडियाइन्फोत ‘हाय १०’ दिसलं तर ती फाइल ८-बिटमध्ये कन्व्हर्ट करण्यावाचून गत्यंतर नाही.

८. एक सिनेमा किती वेळ घेतो? आणि मधातच लाइन गेली तर?

प्रश्न ५ मधल्या एक मिनिटाच्या चाचणीत खाली सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम होतात ते दिसतं, त्यावरून काढा. अडीच तासांच्या सिनेमात २४ च्या हिशोबाने २,१६,००० फ्रेम असतात. वेग १२ एफपीएस असेल तर १८,००० सेकंद, म्हणजे पाच तास. तोच वेग ४० असेल तर दीड तास.

लाइन गेली, बॅटरीही संपली तर अर्धवट एमपी४ बहुतेक वाया जातो. फाइलमध्ये कुठे काय आहे याचा नकाशा सगळ्यांत शेवटी लिहिला जातो, आणि तोच लिहायचा राहतो. एमकेव्ही मात्र जिथवर बांधला गेला तिथवर सहसा चालतो. म्हणून भारनियमनाच्या दिवसांत फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. हँडब्रेक पुन्हा उघडला की राहिलेली रांग परत आणू का असं विचारतो, पण अर्धवट फाइल तिथून पुढे चालू करत नाही. ती पहिल्यापासूनच होते.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो. प्रोसेसर तापला की आपणहून वेग उतरवतो. दुपारी १२ एफपीएसवर चालणारं काम ७ वर येतं आणि लोक हँडब्रेकला शिव्या देतात. रात्री दहानंतर लावा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खाली दोन पुस्तकं घालून मागची बाजू उचला. कूलरच्या तोंडासमोर तर ठेवूच नका. वाळ्याच्या जाळीतून येणाऱ्या हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब उडतात, ते पंख्यातून थेट बोर्डावर जातात. ‘व्हेन डन’मध्ये ‘शटडाउन’ निवडून झोपा.

२०११ नंतरच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ बांधायची वेगळी सोय, असतं. एन्कोडरच्या यादीत ते दिसत असेल तर काम कितीतरी पट लवकर होतं आणि लॅपटॉप कमी तापतो. त्याच दर्जाला फाइल थोडी मोठी होते. लग्नाच्या शूटिंगला चालेल, आवडत्या सिनेमाला नको.

९. वायफायवरून लॅपटॉपमधला सिनेमा पाहिला तर मोबाइलचा डेटा कटतो का? आणि तो अटकते कायले?

डेटा कटत नाही. फाइल लॅपटॉपमधून राउटरकडे आणि राउटरमधून स्टिककडे जाते, घराबाहेर पडतच नाही. राउटर नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दोन्ही त्याला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. डेटा चालू राहिला तर स्टिक मागच्या मागे अपडेट आणि जाहिराती ओढते, आणि दिवसाचा दीड जीबी तिकडे जातो. काही स्टिक नेट नसलं की कुरकुरतात. म्हणून साइन-इन आणि ॲप टाकणं आधी एकदा नेटवर उरकून घ्या.

अटकण्याचं कारण बहुधा असं: रिपचा बिटरेट ३० मेगाबिट आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दोन भिंतींपलीकडे २० सुद्धा देत नाही. जाड मातीची भिंत सिग्नल खाते, टिनाचा पत्रा तो परतवून लावतो. राउटर कोठीत असेल तर सपरीत आणा, जिथून टीव्ही सरळ दिसतो. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून असेल तर तिच्याबरोबर आलेली एचडीएमआयची बोटभर वायर लावून ती बाजूला काढा. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो आणि ती वायर नेमकी खोक्यातच राहिलेली असते.

भिंतीपलीकडे मिळणारा वेग फाइलच्या बिटरेटच्या निदान दुप्पट असावा. म्हणजे ५ मेगाबिटची फाइल १० च्या वायफायवर निवांत चालते.

लॅपटॉपमधले सिनेमे स्टिकला पुरवणारे जेलिफिन किंवा प्लेक्स वापरत असाल तर आणखी एक शक्यता आहे. स्टिकला न पटणारी फाइल हे सर्व्हर चालता चालता कन्व्हर्ट करतात, आणि जुना लॅपटॉप त्यात गळपटतो. डॅशबोर्डवर ‘ट्रान्सकोडिंग’ लिहिलेलं दिसलं तर वायफायला दोष देऊ नका, फाइल आधीच प्रश्न ५ प्रमाणे करून ठेवा.

१०. लग्नाच्या शूटिंगमध्ये हात हलला की रेघा-रेघा दिसतात. कन्व्हर्ट केल्यावर जास्तच झालं.

कॅमेऱ्याने १०८०आय५० मध्ये शूट केलं आहे. यात एका फ्रेममध्ये दोन क्षण असतात: सम ओळींत एक, विषम ओळींत त्याच्यानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने आलेला दुसरा. हळद लावणारा हात स्थिर असेल तोवर काही कळत नाही. तो गालाकडे सरकला की बोटांच्या कडांना फणीचे दात फुटतात. हे न सोडवता आकार लहान केला की दोन्ही क्षण एकमेकांत मिसळतात आणि मग ते कोणालाच वेगळे करता येत नाहीत. म्हणून मूळ फाइल पुसू नका.

‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेसला ‘यादिफ’ किंवा ‘बीडब्ल्यूडिफ’ निवडा. प्रिसेट ‘डिफॉल्ट’ ठेवला तर २५ फ्रेम मिळतात, ‘बॉब’ ठेवला तर ५०. वरातीतला नाच ५० वर मोकळा वाटतो. इथे ‘फास्ट १०८०पी३०’ प्रिसेटचा एक सापळा आहे: तो ५० च्या ३० फ्रेम करतो, आणि ५० ला ३० ने नीट भाग जात नसल्यामुळे चाल धक्के खात जाते. फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’ करायला सांगतो ते यासाठीच. ५० फ्रेम ठेवल्या तर आकार ७२०पी करा किंवा लेव्हल ४.२ निवडा, १०८०पी५० हे लेव्हल ४.१ च्या मापात बसत नाही.

११. मोबाइलवर घेतलेलं शूटिंग कन्व्हर्ट केलं, आवाज हळूहळू मागे पडत गेला. काय करावं?

मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमरेट कमी-जास्त करतो. हँडब्रेकमध्ये फ्रेमरेट ३० लिहून ‘कॉन्स्टंट’ निवडा. ही एकच जागा जिथे ‘सेम ॲज सोर्स’ नको.

१२. झाडीपट्टीच्या नाटकाचं रात्रभराचं रेकॉर्डिंग त्याच आरएफवर सिनेमाच्या कितीतरी पट मोठं झालं. माझं काय चुकलं जी?

काही चुकलं नाही. मांडवात उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याने गेन, म्हणजे उजेड ओढून वाढवण्याचं प्रमाण, वाढवलेला असतो आणि काळोख्या भागात दाणे वळवळतात. प्रत्येक फ्रेममध्ये त्यांची जागा वेगळी. एन्कोडरला ते दाणे कळत नाहीत. त्याला वाटतं हा बारीक तपशील आहे, तो जपतो आणि बिट खर्च करतो. स्थिर पडद्यामागच्या काळोखाला राजाच्या मुकुटाइतके बिट लागतात.

‘फिल्टर्स’मध्ये डीनॉइजला ‘एनएलमीन्स’, ताकद ‘लाइट’ ठेवा. तो संथ आहे. वेळ नसेल तर ‘एचक्यूडीएन३डी’ घ्या. ‘स्ट्राँग’च्या मोहात पडू नका, चेहरे मेणाचे होतात. आरएफ २४ पुरे. अख्खी रात्र एका फाइलमध्ये ठेवण्यापेक्षा ‘रेंज’मधून अंकवार तुकडे करा, ७,२०० सेकंद म्हणजे दोन तास. लाइन गेली तरी एकच अंक जातो.

१३. मराठी सबटायटल चौकोन दाखवते, नाहीतर जोडाक्षरं तुटतात.

दोन वेगळे रोग आहेत. चौकोन किंवा अगम्य चिन्हं दिसली तर सबटायटलची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. नाव सिनेमाच्या फाइलसारखंच ठेवा, फक्त शेवट वेगळा.

‘गोष्ट’चं ‘गोष्‌ट’ होत असेल, वेलांटी भलत्या अक्षरावर बसत असेल, तर फाइल ठीक आहे. प्लेअरला देवनागरी जोडता येत नाही. दुसरा प्लेअर पाहा. नाहीच जमलं तर हँडब्रेकच्या ‘सबटायटल्स’मध्ये एसआरटी घेऊन ‘बर्न इन’वर टिक करा. अक्षरं चित्रातच छापली जातात, नंतर काढता येत नाहीत. आधी प्रश्न ५ मधली एक मिनिटाची चाचणी करा.

ब्लू-रेवरची सबटायटल मुळात चित्रं असतात. एमपी४ ती घेत नाही. छापा किंवा एमकेव्ही ठेवा.

१४. गाणी घरभर घुमतात आणि संवाद ऐकूच येत नाहीत.

सहा वाहिन्यांचा आवाज दोन स्पीकरवर उतरवला की असं होतं. ‘ऑडिओ’त मिक्सडाउन ‘स्टिरिओ’ करा. मूळ ट्रॅक एसी३ असेल तर डीआरसी १.५ ते २.५ ठेवा, मोठा आवाज दबतो, बारीक वर येतो.

१५. स्टिकला पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली की स्टिकच बंद-चालू होते.

वीज अपुरी पडते. टीव्हीच्या यूएसबी २.० पोर्टला अर्ध्या अँपिअरचं माप असतं. तेवढं एकट्या स्टिकलाही बऱ्याचदा पुरत नाही, त्यात हार्ड डिस्क भरीस भर. स्टिकला तिचाच ॲडॅप्टर लावा आणि हार्ड डिस्कसाठी वेगळी वीज घेणारा यूएसबी हब किंवा ओटीजी केबल घ्या. पेनड्राइव्हला सहसा ही अडचण येत नाही.

१६. विकत घेतलेल्या डिस्कचं रिप करणं चालतं का? दुकानातून भरून आणलेल्या सिनेमाचं काय?

प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या वाजवी व्यवहाराला जागा आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं: हक्कभंगाच्या हेतूने डिस्कचं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. विकतच्या ब्लू-रेवर असं कुलूप असतं. हँडब्रेक ते उघडत नाही आणि या पानावरही ते शिकवलेलं नाही. दुकानात पेनड्राइव्हमध्ये भरून मिळतो तो चोरीचा माल, त्याच्या प्रश्नांना इथे उत्तर मिळणार नाही. लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन, गावातलं कीर्तन यांच्या शूटिंगला कुलूप नसतं. नाटकाचं शूटिंग नेटवर टाकायचं असेल तर आधी मंडळाला विचारा.

१७. २००३ च्या लग्नाची व्हीसीडी आहे. ती एचडी होईल का?

नाही. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचंच असतं. मोठं करून फाइल फुगते, चेहरा स्पष्ट होत नाही. ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल लॅपटॉपवर उतरवा आणि आकार न बदलता आरएफ १८ वर कन्व्हर्ट करा. कॉपी मधेच थांबली तर डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा कधी कधी वाचतो. वरच्या चंदेरी थराचे पापुद्रे निघाले असतील तर तेवढा भाग गेला. उरलेला आजच उतरवून घ्या.